भाव उघडा, काटा झाकलेला

बाजारातील बहुतेक व्यवहारांत विकणारा मोजून देतो आणि घेणारा पाहून घेतो. वाणी तांदूळ तोलू लागला की गिऱ्हाइकाची नजर पारड्यावर खिळलेली असते. कापड मोजले जात असताना गजाचे टोक कोठे टेकते याकडे घेणाऱ्याचे लक्ष असते. भंगाराच्या व्यवहारात ही रीत उलटी होते. येथे तराजू घेणाऱ्याच्या हाती असतो. वजन तो करतो, मालाची प्रत तो ठरवतो, घट तो कापतो आणि भावही बहुधा तोच सांगतो. विकणाऱ्याकडे उरते ते फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे. घरातली अडगळ एकदाची बाहेर पडावी अशी ज्या गृहिणीची इच्छा आहे, किंवा संध्याकाळच्या चुलीसाठी ज्या कचरावेचक बाईला रोख पैसे हवे आहेत, तिच्या ‘नाही’ला फारसे बळ नसते. वजन, प्रत आणि भाव या तिन्ही गोष्टी एकाच बाजूच्या मुठीत असलेला दुसरा इतका मोठा व्यापार क्वचितच आढळेल.

हा व्यापार लहानही नाही. दारावर हाळी देत येणारा फेरीवाला, वस्तीच्या कोपऱ्यावरचे पत्र्याचे दुकान, शहराच्या कडेची वखार, ठोक व्यापारी आणि अखेरीस भट्टी अशी त्याची साखळी आहे. मोडका पंखा, गंजलेली सळई, चेपलेले पातेले या साखळीतून पुढे सरकत जाते आणि जालन्यासारख्या गावच्या पोलाद कारखान्यांत वितळून पुन्हा नव्या इमारतीची सळई होते. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने २०१९ मध्ये पोलादी भंगाराविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यातील हिशेबानुसार एक टन भंगार वापरले की सुमारे १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत लाभ याहून मोठा आहे. खनिजापासून नवी धातू काढण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांतच जुनी धातू पुन्हा वितळवता येते. राष्ट्राची इतकी बचत ज्या व्यवहारातून होते, त्याची पहिली पायरी मात्र एका आकड्याला लटकवलेल्या ताणकाट्यावर उभी आहे. आणि त्या काट्यावर कोणाचाही पुरता विश्वास नाही.

अविश्वासाचे कारण जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणाऱ्या ‘पौतवाध्यक्षा’चे स्वतंत्र प्रकरण आहे. वजने लोखंडाची किंवा विशिष्ट दगडाची असावीत. ओलीने ती वाढू नयेत आणि उष्णतेने घटू नयेत, अशी दक्षता त्यात सांगितली आहे. सोनारांच्या लबाड्यांची यादी देताना खोट्या तराजूंचे प्रकारही त्याने नोंदले आहेत: वाकणाऱ्या दांडीचा, सदोष पारड्यांचा, वाईट दोरीचा आणि लोहचुंबक लावलेला. आज रस्त्यावरच्या काट्याखाली चुंबक सापडला की लोकांना ते नव्या युगाचे कसब वाटते. वस्तुतः दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथाने त्याची दखल आधीच घेतलेली आहे.

मराठी भाषेनेही ती घेतली आहे. ‘मापात पाप’, ‘दांडी मारणे’, ‘काटा मारणे’ हे शब्दप्रयोग काही कोशकारांनी रचलेले नाहीत. बाजारात हात पोळलेल्यांनी ते घडवले. साखर कारखान्याच्या भुईकाट्यावरून उठणारी ‘काटामारी’ची तक्रार ऊसकरी शेतकऱ्याच्या तोंडी दर हंगामात असते. ऊसवाल्याची तक्रार निदान विधिमंडळापर्यंत पोहोचते. भंगार विकणाऱ्याची तक्रार गल्लीच्या टोकालाही पोहोचत नाही.

वजनातली फसवणूक कशी होते, हे समजून घेण्यास पदार्थविज्ञानाची फारशी जाण लागत नाही. जुन्या तागडीत दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहिली, म्हणजे तराजू खरा, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड ठेवून हलक्या पारड्याला पासंग बांधला, तर रिकामा तराजू अगदी सरळ दिसतो. माल आखूड हाताकडे आणि वजने लांब हाताकडे ठेवली की दहा किलोचा माल साडेनऊ भरतो. यावर उपाय सोपा आहे. एकदा तोलल्यावर माल आणि वजने यांची पारडी बदलावीत. तराजू खरा असेल तर दांडी दुसऱ्या खेपेसही सरळ राहते, खोटा असेल तर तत्क्षणी कलते. हातात धरण्याच्या ताणकाट्यात स्प्रिंग सैल-घट्ट होते, शून्याची खूण सरकते आणि धरणाऱ्याच्या हाताच्या हेलकाव्यात पाव-अर्धा किलो सहज विरून जातो. विजेच्या काट्यावर आकडे स्वच्छ दिसतात म्हणून तो निःपक्षपाती ठरत नाही. आकडा दाखवणारे यंत्र कोणी आणि कसे जुळवले आहे, यावर सारे अवलंबून असते.

येथे गृहिणीच्या स्वयंपाकघरातच एक प्रमाणित वजन असते, याचा बहुतेकांना विसर पडतो. न फोडलेली एक किलो मिठाची किंवा पाच किलो पिठाची पिशवी भंगारवाल्याच्या काट्याला आधी लावून पाहावी. पिशवीचे वजन तिच्यावर छापलेले असते आणि ते खोटे असल्यास तिच्या उत्पादकाला जाब द्यावा लागतो. एका किलोवर खरा ठरलेला काटा दहा किलोवर खोटा निघू शकतो. म्हणून जड पिशवी अधिक उपयोगी. असे करण्यात कोणाचा अपमान नाही. सराफाच्या दुकानात तराजूकडे टक लावून पाहणाऱ्याला कोणी संशयी म्हणत नाही.

पण वजनाच्या लबाडीला केवळ माणसाच्या लोभाची फलश्रुती मानले, तर दुखण्याचे मूळ हाती लागत नाही. ते मूळ भावाच्या स्पर्धेत आहे. समजा, एका गल्लीत दोन फेरीवाले येतात. पहिला लोखंडाला किलोमागे २६ रुपये सांगतो आणि त्याचा काटा खरा आहे. दुसरा ३२ रुपये सांगतो. परंतु त्याच्या काट्यावर दहा किलोचा माल आठच किलो भरतो. पहिल्याकडून २६० रुपये मिळतील, दुसऱ्याकडून २५६. तरीही माल जाईल तो दुसऱ्याकडेच. कारण भाव कानाला ऐकू येतो, वजनातील तूट डोळ्यांना दिसत नाही. चार दारांवरून रिकाम्या हाताने परतल्यावर पहिल्यापुढे दोनच मार्ग उरतात: धंदा सोडणे, किंवा काटा बदलणे. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते असे अर्थशास्त्रात सांगतात. खोटा काटाही खऱ्या काट्याला याच रीतीने हुसकावतो. ‘तो जास्त देतो’ असे म्हणत सर्वांत चढा भाव सांगणाऱ्यालाच माल देणारा विक्रेता नकळत या हुसकावणीला हातभार लावीत असतो.

एके काळी भावच गुप्त असे. लंडनच्या धातुबाजारात १८७७ पासून तांब्याचे सौदे होत आले. पण तेथला दर मुंबईच्या व्यापाऱ्याला तारेने कळे आणि गल्लीतल्या विकणाऱ्याला कधीच कळत नसे. आज तांब्याचा दर कोणालाही हातातल्या फोनवर पाहता येतो. त्यामुळे भावात फसवणे अवघड झाले; मात्र फसवणूक थांबली नाही, ती काट्याकडे आणि प्रतवारीकडे सरकली. भाव जितका उघडा झाला, तितका काटा झाकला गेला.

प्रतवारीची लबाडी वजनापेक्षाही नाजूक असते, कारण तिच्यात खोटे बोलण्याचीही गरज नसते. गप्प राहिले तरी पुरते. ज्याला बोलीत अजूनही ‘जर्मन’ म्हणतात ते ॲल्युमिनियम, पितळ, तांबे, बीड, पोलाद, पत्रा या साऱ्यांचे भाव भिन्न आहेत. ॲल्युमिनियमचा भाव लोखंडाच्या काही पट असतो आणि तांब्याचा त्याहूनही कितीतरी वर. हे सारे एकाच पोत्यात भरून ‘मिश्र माल’ म्हणून लोखंडाच्या भावाने गेले, तर काटा अगदी खरा असूनही विकणारा नागवला जातो. जुन्या पंख्याच्या आत तांब्याची तार असते, कधी ॲल्युमिनियमची. बाहेरून ते कळत नाही. चुंबक लावून पाहावा, हा नियम निम्मा उपयोगी आहे: लोखंड व बीड चुंबकाला चिकटतात, तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम चिकटत नाहीत. परंतु स्वयंपाकघरातील पुष्कळशी स्टेनलेस भांडीही चुंबकाला दाद देत नाहीत, म्हणून ती ‘हलक्या’ वर्गात ढकलणे सोपे जाते. हातात घेऊन पाहिल्यास बराच उलगडा होतो. त्याच आकाराच्या लोखंडी तुकड्याच्या मानाने ॲल्युमिनियमचा तुकडा जेमतेम एक-तृतीयांश भरतो.

आवरणासकट विकल्या जाणाऱ्या विजेच्या तारांत तर सारा सौदा ‘उताऱ्या’वर ठरतो. शंभर किलो तारेतून तांबे किती निघेल, याचा अंदाज घेणाऱ्याला अनुभवाने असतो, विकणाऱ्याला नसतो. या अज्ञानातूनच तारा उघड्यावर जाळून तांबे काढण्याची घातक रीत फोफावली आहे. प्लॅस्टिकच्या त्या धुराने जाळणाऱ्याच्या आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांची हानी होते. जळाल्यामुळे तांब्याची प्रतही उतरते. हातभर तार सोलून, तांबे व आवरण वेगवेगळे तोलून दोघांनी उतारा समोरासमोर ठरवला, तर जाळण्याचे निमित्तच उरत नाही.

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. ती दुबळी नाही. पोत्याच्या तळाशी दगड, नळीत भरलेली वाळू, पाण्याने जड केलेला कागद, गठ्ठ्याच्या मध्ये दडवलेले कमअस्सल लोखंड ही विकणाऱ्यांची करामत त्याला रोज पाहावी लागते. माती, गंज, तेल आणि रबर यांचे पैसे भट्टीवाला देत नाही. मग ते त्याने का द्यावेत? सकाळी घेतलेल्या मालाचा भाव संध्याकाळी उतरला, तर तोटा त्याचाच. जागेचे भाडे, हमाली, वाहतूक आणि वरच्या व्यापाऱ्याने थकवलेली रक्कम हे सारे त्या काट्यातूनच निघावे लागते. शिवाय चोरीचा माल घेतल्याचा संशय कायमचा डोक्यावर असतो. पाणीपुरवठ्याच्या पितळी तोट्या, गटारांची बिडाची झाकणे, रेल्वेच्या तांब्याच्या तारा कोणीतरी कोठेतरी विकत घेतो म्हणूनच चोरीला जातात. आणि चोरीची मालमत्ता जाणूनबुजून घेणे हा जुन्या दंडविधानाप्रमाणेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. फार स्वस्तात मिळणारा माल हा चांगला सौदा नसून पुष्कळदा धोक्याची सूचना असते.

घट कापणे म्हणजे अन्याय, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळेच. अन्याय घडतो तो घट आधी न सांगता, वजनाच्या पोटात गुपचूप कापली जाते तेव्हा. ‘माल वीस किलो, मातीचे दोन किलो वजा’ हे वाक्य ऐकून वाद घालता येतो. काट्यानेच अठरा दाखवले, तर वादाला जागा राहत नाही. भावातून, घटीतून किंवा नफ्यातून जे घ्यायचे ते दुकानदाराने उघड घ्यावे. काट्यातून मात्र काही घेऊ नये.

विकणाऱ्याचे उत्तरदायित्व किती गंभीर असू शकते, हे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराने दाखवले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील निकामी उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते. ते फोडणाऱ्यांना आपण काय हाताळतो आहोत याची कल्पना नव्हती. अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. त्या उपकरणाचे वजन कदाचित बरोबरच केले गेले असेल. पण आत काय आहे हे न सांगता झालेला सौदा, वजन बिनचूक असले तरी, न्याय्य म्हणता येत नाही.

मोठ्या विक्रेत्यांनी स्वतःपुरता हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सरकारी उपक्रमांतील भंगाराच्या विक्रीशी निगडित असलेले महामंडळ १९६४ मध्ये स्थापन झाले. आज रेल्वे आणि सरकारी खाती आपले भंगार संगणकीय लिलावाने विकतात. मालाचे वर्णन आधी प्रसिद्ध होते, बोली उघड लागते, ट्रक भुईकाट्यावर आधी रिकामा आणि मग भरलेला तोलला जातो आणि वजनाची पावती दोन्ही पक्षांच्या हाती पडते. आयात भंगाराच्या बाजारात प्रतींना सांकेतिक नावे आहेत. पिवळ्या पितळेच्या भंगाराला ‘हनी’ म्हटले की जामनगरच्या पितळ कारखानदाराला आणि परदेशी विक्रेत्याला एकच अर्थ कळतो. प्रतीची ठरलेली व्याख्या, प्रमाणित काटा आणि लेखी पावती या तीन गोष्टी हजार टनांच्या सौद्यात गृहीत धरल्या जातात. दहा किलोच्या सौद्यात त्यांतली एकही नसते. आणि दहा किलो विकणाऱ्यालाच अर्ध्या किलोची तूट अधिक बोचते.

कायदा या बाबतीत मुका नाही. मुंबई इलाख्याचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून अधिक, अशी गोंधळाची स्थिती संपवण्यासाठी १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली. पुढे २००९ चा वैधमापनशास्त्र अधिनियम १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. व्यापारातील प्रत्येक तराजू-काट्याची ठराविक मुदतीने शासकीय पडताळणी होऊन त्यावर शिक्का पडला पाहिजे, असे त्याचे बंधन आहे. या कायद्यातील एक तरतूद भंगाराच्या संदर्भात विशेष मोलाची आहे. विकताना कमी देणाऱ्याप्रमाणेच विकत घेताना ठरल्याहून जास्त माल लबाडीने घेणाऱ्यालाही कायदा दोषी मानतो. म्हणजे ज्या व्यापारात काटा घेणाऱ्याच्या हाती असतो, त्याचा विचार कायदेमंडळाने केलेला आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. निरीक्षक किराणा दुकानात जातो, पेट्रोल पंपावर जातो. सायकलला लटकलेल्या ताणकाट्यापर्यंत तो सहसा पोहोचत नाही.

करविषयक कायद्यानेही अलीकडे या व्यापाराच्या वरच्या थरात कागद आणला आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतल्यास वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली. सरकारला आपल्या कराची नोंद हवी असते, म्हणून ती घडवून आणता येते. विकणाऱ्याच्या वजनाची नोंद घडवून आणणे अशक्य आहे, असे मग कोणत्या तोंडाने म्हणावे?

अशी सुधारणा या भूमीला अपरिचित नाही. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांना आजचे रूप आले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत आणि वजनातून मनमानी ‘कडता’ कापण्याची चाल यांविरुद्ध शेतकऱ्याला दाद मागण्याची जागा निर्माण झाली, ती या बाजारांमुळे. त्यांचे दोष पुढे उघड झाले, तो विषय वेगळा. पण उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि हिशेबाची पट्टी हे शेतकऱ्याचे हक्क आहेत, ही कल्पना रुजली ती कायमची.

भंगाराच्या क्षेत्रात असाच एक प्रयत्न पुण्यात झाला. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या आणि भंगार गोळा करणाऱ्या स्त्रिया प्रथमच कामगार म्हणून एकत्र उभ्या राहिल्या. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था पुणे महापालिकेच्या कामात सामील झाली. संघटनेने भंगाराची दुकाने चालवण्याचाही मार्ग अवलंबिला. त्यामागील विचार सरळ आहे: वेचणारीचा माल तिच्याच संस्थेच्या काट्यावर तोलला गेला, तर दांडी मारण्यात कोणाचाच लाभ उरत नाही. शिवाय असे एक दुकान उभे राहिले की शेजारच्या चार दुकानांनाही आपला काटा जुळवून घ्यावा लागतो. उपदेशाने जे साधत नाही, ते बाजूच्या खऱ्या काट्याने साधते.

तेव्हा करावयाचे ते फार अवघड नाही. महापालिका व नगरपालिकांनी प्रत्येक प्रभागात, भाजी मंडईत किंवा आरोग्य कोठीजवळ एक पडताळलेला सार्वजनिक काटा ठेवावा. कोणीही यावे आणि आपला माल विनामूल्य तोलून न्यावा. फेरीवाल्यांच्या काट्यांची पडताळणी दंडाच्या धाकाने नव्हे, तर वस्तीत शिबिर भरवून अल्प शुल्कात व्हावी; आजचा फेरीवाला दारावर फसवतो हे जितके खरे, तितकेच दुकानावर तो स्वतः फसतो हेही खरे आहे. दुकानांत धातुवार भावाचा फलक असावा आणि प्रत्येक खरेदीस वजन, प्रत, घट व भाव या चार रकान्यांची चिठ्ठी मिळावी. विकणाऱ्यानेही घरीच धातू वेगळे करावेत, घट आधी ठरवावी आणि ‘भाव काय?’ या प्रश्नाच्या आधी ‘काटा कोणता?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

घासाघीस वाईट नाही. दोन स्वतंत्र माणसांनी आपापल्या गरजा मांडून मधला बिंदू गाठणे, हा बाजाराचा प्राणच आहे. पण घासाघीस भावाची होऊ शकते, किलोची नव्हे. एक किलो म्हणजे किती, हे दुकानदार आणि वेचणारी यांनी ठरवायचे नसते. ते समाजाने कायदा करून त्यांच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेले असते. चिंध्यांचे पोते पाठीवर घेऊन दुकानाच्या पायरीशी उभ्या असलेल्या बाईला सरकारकडून अनुदान नको आहे, दया नको आहे. तिने दिवसभर वाकून वेचलेले आठ किलो काट्यावर आठच भरावेत, एवढेच तिचे मागणे आहे. इतके साधे मागणे ज्या बाजारात पुरे होत नाही, त्या बाजाराने प्रगतीचे आकडे कितीही मोठे दाखवले, तरी ते आकडे कोणत्या काट्यावर तोलले, असे त्याला विचारावेच लागेल.